शिडात वारा कुणाचा?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ८ जुलै २०२० रोजी आपल्या ३६ आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघांपैकी ११ संघ पुढील हंगामानंतर बंद करण्याची घोषणा केली. त्या यादीत शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचे दोन्ही संघ होते. एक मिश्र आणि एक महिलांचा. त्याआधी जेमतेम सहा आठवडे, २८ मे रोजी, देशाच्या दुसऱ्या टोकाला ऱ्होड आयलंड राज्यातील ब्राऊन विद्यापीठाने नेमका उलटा निर्णय घेतला होता. तेथेही ११ संघांवर कुऱ्हाड कोसळली. मात्र त्याच वेळी ज्या दोन संघांना क्लबच्या पातळीवरून अधिकृत विद्यापीठ संघाची बढती मिळाली, ते होते याच खेळाचे मिश्र आणि महिला संघ. दोन्ही विद्यापीठे गडगंज, दोन्हीकडे प्रवेशासाठी जगभरातून झुंबड. एकाच उन्हाळ्यात एकाच खेळाचे मोल दोन ठिकाणी इतके परस्परविरुद्ध ठरावे, हे सहजी समजण्यासारखे नव्हते. पुढे दोन्ही निर्णय जसेच्या तसे टिकलेही नाहीत. त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राचे अर्थकारणच बदलून गेले आहे. हा खेळ कुणासाठी आणि कशासाठी पोसला जातो, हा प्रश्न मात्र तेव्हापासून तसाच लोंबकळत राहिला आहे.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी हा खेळ प्रत्यक्षात कसा चालतो, हे पाहणे आवश्यक आहे. शिडाची नौका म्हटले की डोळ्यांसमोर अब्जाधीशांच्या आलिशान यॉट उभ्या राहतात. महाविद्यालयीन स्पर्धांतील होडी मात्र चार मीटरच्या आसपास लांबीची, दोघांची आणि अगदी साधी असते. 'फ्लाइंग ज्युनिअर' आणि '४२०' हे तिचे दोन प्रचलित प्रकार. एक जण सुकाणू आणि मोठे शीड सांभाळतो. दुसरा पुढचे लहान शीड ओढतो आणि वाऱ्याच्या जोरासमोर शरीर बाहेर झोकून होडीचा तोल राखतो. शर्यत साधारणपणे वीस मिनिटांत आटोपते आणि दिवसभरात अशा अनेक शर्यती होतात. महत्त्वाची बाब अशी की होड्या यजमान महाविद्यालयाच्या असतात आणि ठरावीक शर्यतींनंतर संघ त्या आपसात बदलतात. वेगवान होडी विकत घेऊन कुणी जिंकू शकत नाही. अमेरिका चषकासारख्या स्पर्धेत अभियंत्यांच्या फौजा आणि पाण्यासारखा पैसा ओतून नौकेचा वेग वाढविला जातो. महाविद्यालयीन शर्यतीत तो मार्गच बंद आहे. वारा ओळखणे, सुरुवातीच्या रेषेवर मोक्याची जागा पटकावणे आणि नियमांची बारकाईने जाण असणे, एवढ्याच भांडवलावर निकाल लागतो.

सांघिक शर्यत तर या खेळातील बुद्धिबळच म्हणावी. दोन महाविद्यालयांच्या तीन-तीन होड्या एकाच वेळी उतरतात. पहिल्या होडीला १ गुण, शेवटच्या होडीला ६, एकूण २१. ज्या संघाची बेरीज १० किंवा त्याहून कमी, तो विजयी. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पहिला क्रमांक बहाल करूनही दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर बाजी मारता येते. त्यामुळे आघाडीवरची होडी मुद्दाम वेग कमी करते, प्रतिस्पर्ध्याचा वारा अडविते आणि मागे पडलेल्या आपल्या सोबत्याला वाट करून देते. काठावरून पाहणाऱ्या अनभिज्ञ प्रेक्षकाला पुढे असलेला खेळाडू एकाएकी का थबकला, याचा उलगडाच होत नाही. अर्थात काठावर प्रेक्षक असतात तरी किती! तिकीटविक्री नाही, दूरचित्रवाणीचे हक्क नाहीत. नियमभंग झालाच तर दोषी खेळाडूने स्वतःहून होडीची गिरकी घेऊन शिक्षा भोगावी, असा या खेळाचा दंडक आहे.

या स्पर्धांची परंपरा जुनी आहे. येल विद्यापीठातील नौकाक्लब १८८१ चा. महाविद्यालयांची संघटना १९३० मध्ये आकाराला आली. खऱ्या अर्थाने खेळाला चालना मिळाली ती १९३६ मध्ये, जेव्हा बॉस्टनजवळ चार्ल्स नदीच्या काठी एमआयटीने एकसारख्या छोट्या होड्यांचा ताफा उभारला. त्यांचा आराखडा नौकाबांधणीचे तेथील प्राध्यापक जॉर्ज ओवेन यांनी केला होता. ज्याच्या घरी नौका नाही त्यालाही शर्यतीत उतरता यावे, ही सोय त्या ताफ्याने करून दिली. आज या संघटनेच्या छत्राखाली दोनशेहून अधिक महाविद्यालये आहेत. त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणी विद्यार्थीच वर्गणी काढून क्लब चालवितात. पगारी प्रशिक्षक, स्वतंत्र बोटहाऊस आणि क्रीडाविभागाचा अधिकृत दर्जा असलेली महाविद्यालये तुलनेने मोजकी. शिवाय अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाविश्वाचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या बलाढ्य संस्थेशी या खेळाचा संबंध नाही, आणि संघटनेच्या नियमांनुसार नौकानयनातील कौशल्यासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. पैसा मिळत नाही, प्रसिद्धी मिळत नाही, व्यावसायिक कारकीर्दीची शाश्वती नाही. हौशी खेळाचे याहून निर्मळ रूप शोधूनही सापडू नये, असे हे चित्र.

या निर्मळपणाला पहिला जाहीर तडा गेला १२ मार्च २०१९ रोजी. त्या दिवशी बॉस्टनमध्ये सरकारी वकिलांनी महाविद्यालयीन प्रवेशांतील लाचखोरीचे प्रकरण उघडकीस आणले आणि त्यात स्टॅनफर्डच्या नौकानयन संघाचे मुख्य प्रशिक्षक जॉन व्हॅन्डमोर यांचे नाव होते. प्रकरणाचा सूत्रधार होता रिक सिंगर हा प्रवेश सल्लागार. श्रीमंत पालकांना तो सांगत असे, की विद्यापीठाचे पुढचे दार गुणवत्तेचे, मागचे दार कोट्यवधींच्या देणग्यांचे आणि आपण दाखवतो ते बाजूचे दार. हे बाजूचे दार म्हणजे खेळाडू म्हणून प्रवेश. व्हॅन्डमोर यांनी त्याच दिवशी गुन्हा कबूल केला. सिंगरच्या तथाकथित धर्मादाय संस्थेकडून स्टॅनफर्डच्या नौकानयन विभागाला एकूण ७ लाख ७० हजार डॉलर मिळाल्याचे विद्यापीठाने नंतर जाहीर केले. चीनमधील एका कुटुंबाने आपल्या मुलीसाठी सिंगरला ६५ लाख डॉलर दिल्याचेही बाहेर आले. त्या कुटुंबावर आरोप ठेवण्यात आला नाही; मात्र अर्जात नौकानयनाची खोटी कामगिरी दाखविल्यामुळे त्या विद्यार्थिनीला स्टॅनफर्ड सोडावे लागले.

या प्रकरणातील इतर अनेक प्रशिक्षकांपेक्षा व्हॅन्डमोर यांची कहाणी वेगळी होती, आणि तिचे महत्त्व नेमके त्या वेगळेपणात आहे. त्यांनी एक डॉलरही स्वतःच्या खिशात घातला नव्हता. पैसा गेला तो संघाच्या खात्यात, होड्या आणि साहित्य यांसाठी. सरकारी वकिलांनी १३ महिन्यांच्या तुरुंगवासाची मागणी केली होती. न्यायाधीश राया झोबेल यांनी जून २०१९ मध्ये केवळ एक दिवसाची, तीही भोगून झालेली, कैद ठोठावली. सोबत सहा महिन्यांची घरकैद आणि १० हजार डॉलर दंड. सर्व आरोपींत हा बहुधा सर्वांत कमी दोषी, असे मत त्यांनी नोंदविले. व्हॅन्डमोर यांनी २०२१ मध्ये आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली. त्याच्या शीर्षकातील 'रिग' या शब्दाचा एक अर्थ शिडे-दोर चढविणे आणि दुसरा फसवून निकाल फिरविणे, हा श्लेष त्यांना नक्कीच सुचला असणार. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

लाच घेणाऱ्याने लाच स्वतःसाठी घेतलीच नाही, तर मग ती मागितली कुणी? याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. उत्पन्न नसलेल्या खेळाच्या प्रशिक्षकाला देणग्या गोळा करणे हा नोकरीचाच भाग असतो. आणि त्याच्या हाती विकण्याजोगी वस्तू एकच असते: प्रवेश कार्यालयाकडे शिफारस करण्याचा अधिकार. पोहण्याच्या शर्यतीत घड्याळ बोलते, उंच उडीत मोजपट्टी बोलते. येथे मात्र वारा रोज वेगळा, पाणी रोज वेगळे. निकालांच्या नोंदी असतात. पण त्या वाचण्याची दृष्टी प्रवेश कार्यालयातील कारकुनाकडे नसते. तो प्रशिक्षकाच्या शब्दावर विसंबतो. विद्यापीठात राजरोस दोन दारांतून पैसा आणि शिफारस शेजारीशेजारी ये-जा करीत असताना एखाद्याने मधली भिंत पाडली, तर त्याचे एकट्याचे नाव घेऊन मोकळे होता येत नाही. स्टॅनफर्डने त्यानंतर शिफारस झालेल्या खेळाडूंची कामगिरी स्वतंत्रपणे तपासण्याची व्यवस्था केली. बनावट नावाड्यांचा बंदोबस्त झाला.

परंतु खऱ्या नावाड्यांचे काय? खोट्या प्रमाणपत्राचा बोभाटा होतो. खऱ्या प्रमाणपत्रामागे उभी असलेली विषमता कायदेशीर असल्याने तिची बातमी होत नाही. अमेरिकेत मूल आठ-नऊ वर्षांचे असताना 'ऑप्टिमिस्ट' या छोट्या होडीत बसते, पंधराव्या वर्षापर्यंत त्यात घडते आणि मग मोठ्या होडीकडे वळते. यासाठी घर पाण्याजवळ असावे लागते, नौकाक्लबचे सभासदत्व असावे लागते, आणि शनिवार-रविवारी होडी गाडीमागे बांधून दूरच्या स्पर्धेला नेण्याइतकी सवड असणारे आईवडील असावे लागतात. वयाच्या अठराव्या वर्षी हाती येणारे कौशल्य अस्सल असते, त्यामागची मेहनतही अस्सल असते. पण त्या शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर फारच थोड्या घरांतील मुले उभी राहू शकतात. पाण्यावर होड्या बदलून जी समता काटेकोरपणे पाळली जाते, ती धक्क्यावर पोहोचण्याआधीच संपलेली असते.

हे केवळ तर्काने म्हणण्याची गरज नाही. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध चाललेल्या खटल्यात विद्यापीठाची अंतर्गत आकडेवारी न्यायालयासमोर आली. निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता. उर्वरितांसाठी हेच प्रमाण शंभरात जेमतेम पाच-सहा. त्याच आकडेवारीवर आधारित २०१९ च्या अभ्यासात आढळले, की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची वा प्राध्यापकांची मुले किंवा देणगीदारांशी संबंधित होते. आणि ही सवलत नसती तर त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश जण नाकारले गेले असते. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की परीक्षेत समान गुण असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुलांना अशा विद्यापीठांत शिरकाव मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते, आणि या तफावतीतील सुमारे एक चतुर्थांश वाटा खेळाडूंच्या निवडीचा आहे. हे आकडे सर्व खेळांचे एकत्रित आहेत. बास्केटबॉलने गरीब वस्तीतील मुलांना दार उघडून दिले, हे कुणी नाकारणार नाही. नौकानयन, स्क्वॉश, तलवारबाजी, वल्ह्यांच्या शर्यती यांचा कल कोणत्या बाजूला असणार, हे वेगळे सांगायला नको.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरविली. खेळाडूंना मिळणाऱ्या प्राधान्याला त्या निकालाने धक्का लागलेला नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी घरांत अकरावी-बारावीच्या मुलांभोवती सध्या जी चर्चा झडते, तिला याची पार्श्वभूमी आहे. गणित ऑलिंपियाड आणि व्हायोलिनच्या जोडीला एखादा 'कमी गर्दीचा' खेळ हवा, हा सल्ला तेथील खासगी सल्लागार उघडपणे देत असतात. ज्यांच्या आजोबांनी कोकणात शिडाचे गलबत पोट भरण्यासाठी हाकले, त्यांच्या नातवंडांपैकी कुणी तेच शीड प्रवेशासाठी हाती धरील, ही कल्पना आता अगदीच अशक्य राहिलेली नाही.

आता पुन्हा २०२० च्या त्या दोन निर्णयांकडे. ब्राऊनने आपली फेररचना गुणवत्ता आणि विविधता यांच्या नावाने मांडली होती. परंतु बंद होणाऱ्या संघांत पुरुषांचे धावपटू होते आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सामावून घेणारा तो महत्त्वाचा संघ होता. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर देश पेटलेला असताना धावपटूंना घरी पाठवून शिडांना बढती देणे, हा योगायोग विद्यापीठाला झेपणारा नव्हता. ९ जून रोजी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, तो निर्णय मागे घेतला गेला. महिलांच्या समान क्रीडासंधीचा १९७२ चा कायदा आणि त्याखालील जुना खटला यांमुळे सप्टेंबरमध्ये महिलांचे घोडेस्वारी व तलवारबाजी हे दोन संघही परत आले. नौकानयनाची बढती मात्र कायम राहिली. त्यामागे हिशेबही असतो. होड्यांच्या एकाच ताफ्यावर मिश्र आणि महिला असे दोन संघ चालतात, मुलींची संख्या कागदावर चांगली दिसते, आणि माजी खेळाडू देणग्यांना मागेपुढे पाहत नाहीत.

स्टॅनफर्डचा हिशेब वेगळा निघाला. हे ११ खेळ कायमस्वरूपी टिकवायचे तर २० कोटी डॉलरहून अधिक निधी लागेल, असे विद्यापीठाने सांगितले. २७ अब्ज डॉलरहून मोठी गंगाजळी असलेल्या संस्थेच्या तोंडी ही भाषा अनेकांना खटकली. २४० हून अधिक खेळाडू आणि २२ प्रशिक्षक वाऱ्यावर सोडले गेले होते, आणि या खेळांनी मिळून २० राष्ट्रीय अजिंक्यपदे व २७ ऑलिंपिक पदके दिली होती. मग माजी विद्यार्थी एकवटले. मार्च २०२१ मध्ये शेन ग्रिफिथ या कुस्तीपटूने विद्यापीठाचे नाव नसलेल्या काळ्या पोशाखात राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि ती प्रतिमा देशभर गाजली. १२ मे रोजी दोन खटले दाखल झाले. १८ मे रोजी विद्यापीठाने सर्व ११ खेळ कायम ठेवत असल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या हंगामांत स्टॅनफर्डच्या शिडांनी राष्ट्रीय अजिंक्यपदेही मिळविली.

हा लढा न्याय्य होता. पण तो जिंकता आला तो लढणाऱ्यांकडे वकील, पैसा आणि वजन होते म्हणून, हेही मान्य करावे लागते. कोविडच्या त्याच काळात छोट्या महाविद्यालयांतील कितीतरी संघ मुकाट्याने मिटले. त्यांच्यासाठी कुणी काळे कपडे घातले नाहीत.

खेळाच्या बाजूने मांडण्यासारखेही पुष्कळ आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला नौकानयनात एकच पदक मिळाले, ४९-ईआर प्रकारातील कांस्य. ते मिळविणारी जोडी होती येलचे इयन बॅरोज आणि स्टॅनफर्डचे हान्स हेन्केन. येलचे स्टुअर्ट मॅकने पाच ऑलिंपिक खेळले. २००८ च्या बीजिंगमध्ये लेझर रेडियल प्रकारात सुवर्ण जिंकणारी ॲना टनिक्लिफ घडली ती मात्र व्हर्जिनियातील ओल्ड डोमिनियन या सरकारी विद्यापीठात. कॉलेज ऑफ चार्ल्स्टन, मेरीलँडचे सेंट मेरीज कॉलेज ही या खेळातील मातब्बर नावेही सरकारी संस्थांचीच. त्यामुळे हा खेळ म्हणजे केवळ आयव्ही लीगच्या भिंतीआडची चैन, असे ठरवून टाकणे अन्यायाचे होईल.

नवे संकट आले आहे ते पैशाच्या दुसऱ्या वाटेने. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'हाऊस' खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली. माजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई आणि २०२५-२६ पासून प्रत्येक सहभागी विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट मानधन देण्याची मुभा, असे तिचे स्वरूप. ज्या फुटबॉल-बास्केटबॉलपटूंच्या घामावर हजारो कोटींचा डोलारा उभा होता, त्यांना अखेर वाटा मिळाला, हे योग्यच झाले. पण तो वाटा कुठून तरी काढावा लागणार, आणि कात्री प्रथम फिरते ती उत्पन्न नसलेल्या खेळांवर. आयव्ही लीगची विद्यापीठे या व्यवस्थेबाहेर राहिली आहेत. स्टॅनफर्ड, बॉस्टन कॉलेज यांना ती सोय नाही. त्यातच २०२५ च्या नव्या करकायद्याने अतिश्रीमंत विद्यापीठांच्या गंगाजळीच्या उत्पन्नावरील कर १.४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांपर्यंत चढविला. अशा वेळी शिडांचा संघ टिकवायचा तर तो देणगीदारांच्या कायम निधीवर उभा करावा, हा सोपा मार्ग पुढे येतो. त्यात धोका उघड आहे. ज्याच्या निधीवर संघ चालतो त्याच्या मुलाचा किंवा पुतण्याचा अर्ज समोर आला, की प्रशिक्षकापुढे पुन्हा व्हॅन्डमोर यांचाच पेच उभा राहतो. फरक इतकाच की या वेळी सारे नियमात बसणारे असेल.

दुसरा मार्ग या खेळाच्या स्वतःच्या रचनेतच आहे. संघातील पुढचे शीड सांभाळणारा जोडीदार अनेकदा महाविद्यालयात येईपर्यंत कधी होडीत बसलेलाही नसतो. चपळ, हलक्या वजनाचा आणि शिकण्याची तयारी असलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात धक्क्यावर येतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचतो, अशी उदाहरणे या खेळात दुर्मीळ नाहीत. वल्ह्यांच्या शर्यतींचा अपवाद सोडला तर विद्यापीठ पातळीवरच्या फार थोड्या खेळांत हे शक्य आहे. प्रवेशासाठीची शिफारस बंद केली, तर स्टॅनफर्ड किंवा ब्राऊनचा संघ पहिल्या काही वर्षांत दुबळा होईल, हे खरे. मात्र होड्या यजमानाच्या, ताफा एकसारखा आणि सोबती बदलता, या खेळाला त्याची झळ इतरांपेक्षा कमीच लागेल. चार्ल्स नदीच्या एका काठावर एमआयटीचे विद्यार्थी आजही प्रवेश मिळाल्यानंतर होडी शिकतात. समोरच्या काठावर १९४६ पासून चालणाऱ्या 'कम्युनिटी बोटिंग' या सार्वजनिक संस्थेत बॉस्टनच्या सामान्य वस्त्यांतील मुले उन्हाळ्याच्या सुटीत नाममात्र शुल्कात शिडे उभारतात. दोन्ही काठांमधले पाणी एकच आहे, आणि शनिवारी त्याच पाण्यावर हार्वर्डच्या होड्याही उतरतात.